वाढपी किती असावेत?

दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. तुमचा नसेल तर ताईचा, दादाचा किंवा शेजारच्या मुलाचा. अलीकडे हा निकाल दुपारी एक वाजता संगणकावर जाहीर होतो. बारा पन्नासला तुम्ही संकेतस्थळ उघडून पाहता, तेव्हा ते झटकन उघडते. बारा अठ्ठावन्नलाही उघडते. एक वाजतो, आणि पडद्यावर ते लहानसे चक्र फिरू लागते. फिरतच राहते. आई विचारते, "काय झाले?" तुम्ही पुन्हा बोट दाबता. चक्र पुन्हा फिरते. दहा मिनिटांनी एक पांढरा पडदा येतो आणि त्यावर इंग्रजीत काहीतरी दिलगिरी छापलेली असते.

अशा वेळी लोक म्हणतात, "गर्दी फार झाली, दुसरे काय!" हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. गर्दी दुप्पट झाली तर वेळ दुप्पट लागावा, चौपट झाली तर चौपट. मग अर्ध्या सेकंदात उघडणारे पान दहा मिनिटांत का उघडू नये? दुसरी गंमत अशी की पुष्कळदा तोच संगणक, एक रुपयाही खर्च न करता, केवळ दोन आकडे बदलले असते तर त्या गर्दीला पुरून उरला असता. ते दोन आकडे कोणते आणि ते कसे काढायचे, हे आज पाहू. त्यासाठी भागाकार येत असला की पुरे.

जो संगणक आपल्याला पाने पाठवतो त्याला सर्व्हर म्हणतात. या शब्दाचा सरळ मराठी अर्थ वाढपी. १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी असा पहिला वाढपी उभा केला. नेक्स्ट कंपनीचा एक काळा संगणक होता तो. त्याच्यावर त्यांनी कागद चिकटवून लाल शाईने बजावले होते की हे यंत्र सर्व्हर आहे, याची वीज बंद करू नका. साऱ्या जगाची वाढप त्या वेळी एका टेबलावर चालत होती! आज असे वाढपी जगभर आहेत, पण त्यांच्यापुढचा प्रश्न खानावळीच्या मालकाचाच आहे. म्हणून आपणही खानावळीतूनच निघू.

खानावळीचे गणित

समजा, एका खानावळीत दर मिनिटाला २ माणसे येतात आणि प्रत्येक जण आत २० मिनिटे असतो. तर कोणत्याही क्षणी आत किती माणसे असतील? २ गुणिले २०, म्हणजे सरासरी ४०. पटत नसेल तर असे पहा: आत्ता जे लोक आत आहेत ते गेल्या २० मिनिटांत आलेले आहेत. त्याआधी आलेले जेवून निघून गेले. आणि २० मिनिटांत ४० माणसे येतात.

हा नियम इतका सोपा आहे की त्याला सिद्धता लागते हेच कुणाला सुचू नये. पण लोक कसेही येवोत, कसेही बसोत, कुणी पाच मिनिटांत उठो, कुणी तासभर रेंगाळो, सरासरीसाठी तो खराच ठरतो, हे अमेरिकेतील जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केले. तेव्हापासून तो लिटलचा नियम म्हणून ओळखला जातो. हे गृहस्थ मूळचे भौतिकशास्त्राचे पदवीधर होते, हे सांगताना माझ्यासारख्याला थोडा आनंद होतो. नियम असा:

आत असलेली माणसे = येण्याचा दर × प्रत्येकाचा आत जाणारा वेळ

आता आपल्या सर्व्हरकडे वळू. अपॅची नावाची सर्व्हर-प्रणाली १९९५ पासून वापरात आहे. तिच्या जुन्या आणि सरळ पद्धतीत, जिला प्रीफोर्क म्हणतात, प्रत्येक पाहुण्यामागे एक स्वतंत्र वाढपी उभा असतो. वाढपी म्हणजे स्मृतीत चालणारी एक प्रक्रिया. पाहुणा येईपर्यंत तो नुसता उभा राहतो, पाहुणा आला की त्याचाच होतो, आणि पाहुणा जाईपर्यंत दुसऱ्या कुणाकडे ढुंकूनही पाहत नाही.

काही बदल केला नाही तर अपॅची सुरुवातीला ५ वाढपी उभे करते. निदान ५ रिकामे असावेत, १० पेक्षा जास्त रिकामे नसावेत, असे धोरण ठेवते. गर्दी वाढली तर नवे वाढपी भरती करते, पण एकदम नाही. पहिल्या सेकंदाला १, दुसऱ्या सेकंदाला २, मग ४, ८, १६, ३२, आणि त्यानंतर दर सेकंदाला ३२. ही भूमितीय श्रेढी तुमच्या ओळखीची आहे. ५ वरून १०० वाढप्यांवर जायला किती सेकंद लागतील, सांगा पाहू. बेरीज करा: १+२+४+८+१६+३२ = ६३, आणि सातव्या सेकंदाला आणखी ३२, म्हणजे ९५. म्हणजे सात सेकंद. रोजच्या दिवशी हे सात सेकंद कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. पण गर्दी ठीक एक वाजता येणार हे आधीच ठाऊक असेल, तर वाढपी पावणेएकलाच उभे करून ठेवण्यात शहाणपण आहे. लग्नाच्या पंगतीला माणसे बसल्यावर वाढपी शोधायला कुणी जात नाही.

आणि भरतीची कमाल मर्यादा? तो आकडा मुळात २५६ असतो. इथेच सगळी मेख आहे.

स्वयंपाकघर केवढे?

"वाढपी जितके जास्त तितके बरे" असे कुणालाही वाटेल. नवख्या माणसाला तर हमखास वाटते. पण प्रत्येक वाढप्याला उभे राहायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे संगणकाची स्मृती.

एक लहान सर्व्हर घेऊ. एखाद्या महाविद्यालयाचा निकाल किंवा प्रवेशाची यादी दाखवणारा. समजा, त्यात ४ जीबी स्मृती आहे. त्यातील १ जीबी संगणकाच्या स्वतःच्या कारभाराला आणि माहितीच्या कोठाराला, म्हणजे डेटाबेसला, लागते. उरली ३ जीबी, म्हणजे सुमारे ३००० एमबी. एक वाढपी ३० एमबी जागा व्यापतो असे मोजून दिसले. मग किती वाढपी मावतील? ३००० भागिले ३०, म्हणजे १००.

(इथे एक बारीक गोष्ट सांगतो. सर्व वाढपी एकाच मूळ प्रक्रियेची बाळे असल्यामुळे स्मृतीचा काही भाग ते आपसांत वाटून वापरतात, आणि एखादा भाग कुणी बदलला तरच त्याची वेगळी प्रत निघते. त्यामुळे प्रत्येकाची जागा वेगवेगळी मोजून बेरीज केली तर ती खऱ्यापेक्षा जास्त भरते. वरचे ३० एमबी हे वाटून घेतलेला भाग वगळून आहेत असे समजा.)

शंभराच्या पुढचा एकशे एकावा वाढपी आला तर? संगणक त्याला हाकलून देत नाही. तो स्वयंपाकघरातले काही डबे उचलून माळ्यावर ठेवतो, म्हणजे स्मृतीतील काही मजकूर डिस्कवर नेतो. लागला की पुन्हा खाली आणतो. याला स्वॅपिंग म्हणतात. ऐकायला सोय वाटते. पण वेळ पहा. स्मृतीतून एखादी गोष्ट काढायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या डिस्कवरून काढायला सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाखपट! मिठाचा डबा फळीवरून काढायला तुम्हाला १ सेकंद लागत असेल, तर हा माळ्यावरचा डबा यायला १ लाख सेकंद लागणार. तास करा: जवळजवळ २८. आमटी आजची आणि मीठ उद्या संध्याकाळी. हल्लीच्या फिरता भाग नसलेल्या एसएसडी डिस्क बऱ्या असतात, पण त्यांनाही या मापाने पाव तास लागतोच.

खरा घात याच्यापुढे आहे. मीठ उशिरा आले म्हणजे प्रत्येक पाहुणा आत जास्त वेळ राहिला. लिटलचा नियम आठवा: येण्याचा दर तोच आणि आत जाणारा वेळ वाढला, तर आत असलेली माणसे वाढतात. माणसे वाढली म्हणजे वाढपी आणखी लागले. ते आले म्हणजे आणखी डबे माळ्यावर गेले, म्हणून वेळ आणखी वाढला, म्हणून माणसे आणखी वाढली. गणपतीच्या मंडपात ध्वनिवर्धकासमोर मायक्रोफोन धरला की जी कर्णकर्कश शिट्टी सुरू होते, तिची जात हीच. कर्ण्यातला आवाज मायक्रोफोनमध्ये जातो, मोठा होऊन कर्ण्यातून येतो, पुन्हा आत जातो. परिणाम स्वतःच्याच कारणाला खतपाणी घालतो. कमाल मर्यादा २५६ ठेवलेली असेल तर वाढपी २५६ होईपर्यंत हे चालते. २५६ गुणिले ३० म्हणजे ७६८० एमबी, आणि जागा ३००० ची. निकालाच्या दिवशी जे चक्र फिरत राहते त्यामागे अनेकदा ही शिट्टी वाजत असते, फक्त ती ऐकू येत नाही.

तेव्हा आपला पहिला आकडा मिळाला. या यंत्रावर कमाल वाढपी १००, वर एकही नाही. अपॅचीच्या २०१२ साली आलेल्या २.४ आवृत्तीपासून या आकड्याचे नाव मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स आहे, त्यापूर्वी मॅक्सक्लायंट्स होते.

जेवून झाल्यावर बसून राहणारे

दुसरा आकडा अधिक मजेचा आहे. तुमचा मोबाइल सर्व्हरशी बोलू लागण्यापूर्वी दोघांची ओळखपाळख व्हावी लागते. मोबाइल म्हणतो, "बोलू का?" सर्व्हर म्हणतो, "बोल." मोबाइल म्हणतो, "बरे," आणि मग खरी मागणी सांगतो. याला जोडणी म्हणू. मागणी जाण्यापूर्वी निरोप एकदा जाऊन परत यावा लागतो, आणि इथे भौतिकशास्त्र आडवे येते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख कि. मी. धावतो, निर्वातातल्या वेगाच्या दोन तृतीयांश. मुंबईहून न्यूयॉर्क सुमारे १२,५०० कि. मी. जाऊन-येऊन २५,००० कि. मी., म्हणजे निदान ०.१२५ सेकंद. कितीही महागडा संगणक आणा, यात एक मिलिसेकंदही वाचणार नाही. पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह असले तर गुप्त बोलीची बोलणी करायला आणखी एक किंवा दोन फेऱ्या लागतात.

एका पानात एकच वस्तू नसते. मजकूर, शाळेचे बोधचिन्ह, चार छायाचित्रे, रंगसंगतीची फाइल, अशा दहा मागण्या सहज होतात. सुरुवातीच्या काळात प्रत्येक मागणीला नवी जोडणी करत. म्हणजे भात मागितला, वाढून झाला, पाहुणा बाहेर. आमटी हवी तर पुन्हा दारातून आत. म्हणून १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या १.१ आवृत्तीत असे ठरले की एकदा केलेली जोडणी सहसा चालूच ठेवायची. तिला कीपअलाइव्ह म्हणतात. पाहुणा बसून राहतो, एकामागून एक दहा पदार्थ मागून घेतो. उत्तम सोय.

पण दहावा पदार्थ वाढून झाला, आता पुढे काय? पाहुणा आणखी काही मागेल का? कुणाला ठाऊक! वाढपी काही काळ वाट पाहत उभा राहतो. अपॅची हा काळ ५ सेकंद धरते. जुन्या १.३ आवृत्तीत तो चक्क १५ सेकंद होता. तुम्ही निकाल पाहून आनंदाने ओरडत असता, आजीच्या पाया पडत असता, आणि तिकडे एक वाढपी तुमच्यासाठी हात बांधून उभा असतो.

आता आपल्या यंत्राचे पूर्ण गणित मांडू. एका मागणीला वाढप्याचे ०.२ सेकंद जातात. त्यातले प्रोसेसरचे खरे काम फक्त ०.०२ सेकंदाचे. बाकीचा वेळ डेटाबेसकडून उत्तर येण्याची आणि ते संथ वाटेने पाठवण्याची वाट पाहण्यात जातो. एका पानात १० मागण्या एकामागून एक येतात, म्हणजे २ सेकंद. (खरे ब्राउझर एकाच वेळी अनेक जोडण्या करतात, पण आपण सोयीसाठी एकच धरू.) संगणकाला ४ कोअर आहेत, म्हणजे काम करणारे चार मेंदू. ४ भागिले ०.०२ म्हणजे सेकंदाला २०० मागण्या, अर्थात २० पाहुणे, ही प्रोसेसरची परमावधी. समजा, निकालाच्या वेळी सेकंदाला १६ पाहुणे येतात.

वाट पाहण्याचा काळ ५ सेकंद असेल तर एक पाहुणा वाढप्याला २ + ५ = ७ सेकंद अडकवतो. लागणारे वाढपी १६ × ७ = ११२. आहेत १००. बारा कमी पडले, एवढ्याने काय बिघडते? करून पहा. १०० वाढपी सेकंदाला १०० भागिले ७, म्हणजे १४.३ पाहुणे उरकतात. दर सेकंदाला १.७ पाहुणे दाराबाहेर साचतात. दहा मिनिटांत साचलेल्यांची संख्या हजारावर जाते. आणि लक्षात घ्या, या वेळी त्या शंभरातले बहुतेक वाढपी काहीच करत नसतात! ७ पैकी ५ सेकंद हात बांधून उभे असतात. प्रोसेसरही पूर्ण थकलेला नसतो.

आता वाट पाहण्याचा काळ १ सेकंद करा. एक पाहुणा ३ सेकंद घेईल. १६ × ३ = ४८ वाढपी. शंभरापैकी निम्म्याहून अधिक रिकामे! रांग नाही, माळा नाही, शिट्टी नाही. ज्याला दीड सेकंदाने पुन्हा काही हवे असेल त्याला ओळखपाळख नव्याने करावी लागेल, इतकाच तोटा. मला विचाराल तर अशा गर्दीच्या सर्व्हरवर ५ सेकंद वाट पाहणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. कीपअलाइव्ह अजिबात बंद करा असे सांगणारेही भेटतात, पण मग एका पानासाठी दहा वेळा ओळखपाळख आली. दूरच्या पाहुण्याला ते फार महाग पडते.

शंभर टक्के काम का नको?

सोळाऐवजी एकोणीस पाहुणे आले तर? प्रोसेसरची परमावधी वीस, म्हणजे अजून एकाला जागा आहे, नाही का? इथे डेन्मार्कच्या आग्नर एरलांग यांची आठवण काढली पाहिजे. हे कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत गणिती होते. किती ग्राहकांमागे किती तारा पुरतील, हा त्यांचा प्रश्न. त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध १९०९ साली आला, आणि रांगांचे शास्त्र तिथून सुरू झाले. पाहुणे ठरावीक अंतराने येत नाहीत, कधी तीन एकदम येतात, कधी बराच वेळ कुणीच येत नाही, हे धरले आणि काम करणारा एकच असला तर साधारण हिशेब असा निघतो:

लागणारा सरासरी वेळ = मूळ वेळ ÷ (१ − कामाचा अंश)

कामाचा अंश ०.५ असेल, म्हणजे यंत्र निम्मा वेळ कामात असेल, तर वेळ दुप्पट. ०.९ असेल तर दहापट. ०.९९ असेल तर शंभरपट. आलेख काढून पहा. तो बराच काळ आडवा चालतो आणि मग एकाएकी कड्यासारखा उभा चढतो. काम करणारे चार असले तर कडा थोडा पुढे सरकतो, पण कडा तो कडाच. बारा अठ्ठावन्नला तुम्ही आडव्या भागावर होता आणि एक वाजता कड्यावर. गर्दी दुप्पट झाली तर वेळ दुप्पट व्हावा, ही आपली सुरुवातीची अपेक्षा इथे मोडते. म्हणून जाणते लोक यंत्राला सत्तर टक्क्यांच्या आसपासच कामाला लावतात. उरलेले तीस टक्के वाया जात नाहीत. अचानक आलेले तीन पाहुणे त्यातच सामावतात.

आणि तुमचे बोट? पान येत नाही म्हणून तुम्ही पुन्हा दाबता. तुमच्या दृष्टीने जुनी मागणी संपली. पण सर्व्हरला ते कुठे ठाऊक? तो जुने ताट वाढतच असतो, आणि ते हातात घेऊन आला की त्याला कळते की पानावर कुणी नाही. मधल्या काळात तुमचे दुसरे ताट मागवलेले असते. सेकंदाला १६ पाहुण्यांनी तीन-तीन वेळा बोट दाबले की ते ४८ झाले. हा जमाव निम्मा तरी तुमच्या-माझ्या बोटांनी निर्माण केलेला असतो.

बाहेरचा बाक आणि फिरता वाढपी

सगळे वाढपी गुंतले असले तर नव्या पाहुण्याला बाहेरच्या बाकावर बसवतात. या बाकाची लांबीही ठरलेली असते. अपॅची ५११ जणांचा बाक मागते. पण बाक देणार लिनक्स ही खालची प्रणाली, आणि तिची स्वतःची मर्यादा २०१९ च्या ५.४ आवृत्तीपूर्वी १२८ होती. म्हणजे वर ५११ लिहिलेले असले तरी मिळायचे १२८. तक्रार कुणी करत नसे, म्हणून कळतही नसे. आता ती मर्यादा ४०९६ आहे. पण फार लांब बाकही बरा नव्हे. ज्याचा नंबर अर्ध्या तासाने येणार त्याला बसवून ठेवण्यापेक्षा "नंतर या" म्हणणे अधिक प्रामाणिक.

आता तुमच्यातला एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी विचारील, "सर, वाढप्याने एकाच पाहुण्यापाशी उभे का राहायचे? जो हात वर करील त्याच्याकडे जावे!" अगदी बरोबर. १९९९ साली डॅन केगेल या संगणकतज्ज्ञाने प्रश्न मांडला होता की एका यंत्राने एकदम दहा हजार पाहुणे का सांभाळू नयेत? रशियातील इगोर सिसोयेव्ह यांनी २००२ मध्ये एक प्रणाली लिहायला घेतली आणि २००४ मध्ये ती सर्वांना खुली केली. तिचे नाव एनजिनएक्स. तिच्यात वाढपी मोजकेच, बहुधा जितके कोअर तितके. प्रत्येक जण शेकडो पानांमधून फिरतो. कोणाचा हात वर आहे हे लिनक्स त्याला सांगते. जेवून बसून राहिलेला पाहुणा आता वाढप्याला अडकवत नाही, फक्त थोडी जागा अडवतो. एका वाढप्याने किती जोडण्या सांभाळायच्या हा आकडा तिथे मुळात ५१२ असतो आणि तो वाढवता येतो. मात्र एनजिनएक्स आतल्या दुसऱ्या सर्व्हरकडून ताट आणून देत असेल, तर एका पाहुण्यामागे दोन जोडण्या मोजाव्या लागतात. एक बाहेरची, एक आतली. अपॅचीनेही २.४ पासून 'इव्हेंट' या पद्धतीत अशीच युक्ती पक्की केली: रिकाम्या बसलेल्यांवर एकच जण लक्ष ठेवतो.

फिरत्या वाढप्याला एक पथ्य आहे. त्याने कुठेही थांबता कामा नये. एका पानापाशी तो दोन सेकंद रेंगाळला तर त्याचे शेकडो पाहुणे दोन सेकंद उपाशी. आणि लक्षात ठेवा, स्वयंपाक तेवढाच राहतो. ०.०२ सेकंदाचे काम फिरत्या वाढप्याने ०.०१ होत नाही. ते कमी करायचे तर निकालाची पाने आधीच तयार करून ठेवावीत, म्हणजे दर वेळी डेटाबेसचे दार ठोठवायला नको. अलीकडच्या वर्षांत बोर्डाचा निकाल अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवर एकाच वेळी ठेवतात, तीही एका खानावळीच्या चार खानावळी करण्याचीच युक्ती.

करून पहा

घरी किंवा शाळेत जुना संगणक असेल तर त्यावर लिनक्स आणि अपॅची फुकट बसवता येते. अपॅचीबरोबर 'एबी' नावाचा एक छोटा कार्यक्रम मिळतो. तो खोटे पाहुणे पाठवून वेळ मोजतो. तो फक्त स्वतःच्याच यंत्रावर चालवायचा. दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालवणे म्हणजे दुसऱ्याच्या दारात गर्दी सोडणे. खोटे पाहुणे पाठवणारा संगणक वेगळा असावा. त्याच यंत्रावरून पाठवलेत तर पाठवण्याचे कामही तोच प्रोसेसर करील आणि मोजमाप बिघडेल. कपभर पाण्यात मोठा तापमापक बुडवला की पाण्याचेच तापमान बदलते, तसे. आणि एका वेळी एकच आकडा बदला. लोलकाचा प्रयोग करताना दोरीची लांबी आणि गोळ्याचे वस्तुमान एकदम बदललेत तर काय कळणार?

संगणक नसेल तरी हरकत नाही. पोस्टात किंवा एस.टी.च्या आरक्षणाच्या खिडकीपाशी अर्धा तास उभे रहा. किती माणसे आली ते मोजा. दहा-बारा जणांचा रांगेत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ घ्या. दर दोन मिनिटांनी रांगेत किती जण आहेत ते लिहा. मग लिटलचा नियम जुळतो का पहा.

आणि हे एक उदाहरण. आपल्याच सर्व्हरमध्ये ४ ऐवजी ८ जीबी स्मृती बसवली. बाकी सर्व तेच, वाट पाहण्याचा काळही ५ सेकंदच. १ जीबी कारभाराला वगळा. आता सेकंदाला जास्तीत जास्त किती पाहुणे उरकतील? तुमचे उत्तर ३३ आले असेल तर कागद पुन्हा घ्या. प्रोसेसरला विचारायचे राहून गेले आहे.